अंगभूत नॅव्हिगेशनची दुरुस्ती : नाना पेठेतल्या एका दुकानाविषयी

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांचा जो दाट बाजार आहे, त्यातल्या एका गल्लीत गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रे दुरुस्त करणारे एक लहान दुकान आहे. माझ्या गाडीतले, कारखान्यातूनच बसवून आलेले नॅव्हिगेशन तिथे दुरुस्त झाले, आणि तेही अधिकृत सेवा केंद्राने सांगितलेल्या खर्चाच्या विसाव्या हिश्श्याहून कमी पैशांत. मालकांना प्रसिद्धी नको आहे, म्हणून दुकानाचे नाव देत नाही. मात्र त्यांनी दोष ज्या क्रमाने शोधला तो क्रम कोणत्याही शहरातल्या कारागिराकडे आग्रहाने मागावा असा आहे, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या क्रमाचे आहे. खटकलेल्या गोष्टीही आहेत. त्या पुढे येतील.

गाडी 2017 सालची, एका युरोपीय कंपनीची सेडान, सेकंड हँड घेतलेली. डॅशबोर्डच्या मधोमध पडदा, नकाशा एसडी कार्डावर आणि छपरावर मागच्या बाजूला माशाच्या पराच्या आकाराची, ज्याला सगळे शार्क फिन म्हणतात ती अँटेना. बिघाड पावसाळ्यात सुरू झाला. कर्वे रस्त्याने नळस्टॉपकडे जाताना पडद्यावरचा बाण म्हात्रे पुलाजवळ थेट नदीपात्रात उतरलेला दिसे, आणि द्रुतगती मार्गावर गाडी सरळ चाललेली असताना बाण शेजारच्या शेतांमधून निवांत प्रवास करी. घड्याळ, जे उपग्रहांकडून वेळ घेते, तेही हळूहळू काही मिनिटे मागे पडू लागले होते. बाण थिजलेला मात्र नव्हता. गाडी थांबली की तो थांबे, गाडी वळली की तो वळे. फक्त जागा चुकलेली असे, आणि जितके अंतर कापावे तितकी चूक वाढत जाई. कधी कधी मोकळ्या माळावर गाडी बराच वेळ उभी राहिली की तो आपोआप योग्य जागी उडी मारून येई आणि पुढच्या काही वळणांनंतर पुन्हा भरकटे.

या लक्षणाचा अर्थ कळायला यंत्रणा कशी चालते ते थोडे पाहावे लागते. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा संदेश अतिशय क्षीण झालेला असतो. जागा नक्की ठरवायला एका वेळी किमान 4 उपग्रह ऐकू यावे लागतात. फोनमध्ये आणि गाडीच्या अंगभूत यंत्रणेत फरक असा, की गाडीकडे चाकांचा वेग मोजणारे संवेदक असतात आणि वळणाचा कोन सांगणारा जायरोस्कोपही असतो, त्यामुळे बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले तरी ‘इतके मीटर पुढे, इतके अंश डावीकडे’ असा हिशेब करत ती बाण पुढे सरकवत राहते. लाइट गेलेल्या घरात पावले मोजत देवघरापर्यंत जाणाऱ्या माणसासारखे हे आहे : दहा-वीस पावले तो अचूक जातो, पण दिवा लागलाच नाही तर कुठेतरी भिंतीला धडकतोच. हिशेबातली बारीक चूक दुरुस्त करायला उपग्रहांची साक्ष अधूनमधून मिळावी लागते. माझ्या गाडीत बाण हलत होता, वळत होता आणि तरी भरकटत होता, याचा अर्थ चाके, जायरोस्कोप आणि पडद्यामागचा संगणक हे तिघेही कामावर होते. गैरहजर होते ते उपग्रह.

हा निष्कर्ष काढायला विशेष ज्ञान लागत नाही, पण अधिकृत सेवा केंद्रात तो कोणी काढला नाही. तिथे गाडीला स्कॅनर लावला गेला, स्कॅनरमध्ये अँटेनाचा कोणताही दोष नोंदलेला दिसला नाही, आणि म्हणून सल्लागाराने संपूर्ण हेड युनिट, म्हणजे पडदा आणि त्यामागचा संगणक असलेला अख्खा डबा, बदलावे लागेल असे सांगून 1,40,000 रुपयांचे अंदाजपत्रक हातात ठेवले. वागणूक सभ्य होती, चहा चांगला होता, एसीही थंडगार होता. कमी होती ती एकाच गोष्टीची, कोणीतरी गाडीत बसून ती चालवून पाहण्याची. ‘स्कॅनर म्हणतो अँटेना ठीक आहे, मग युनिटच गेले असणार’ हा त्यांचा तर्क वरकरणी बिनतोड वाटतो. त्यात खोट कुठे आहे ते नाना पेठेत समजले.

दुकानाचा मूळ धंदा टॅक्सी आणि शाळेच्या बसगाड्यांना ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठे आहे ते उपग्रहांच्या मदतीने कळवणारे यंत्र, बसवण्याचा व त्यांची दुरुस्ती करण्याचा आहे. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असे ट्रॅकर सक्तीचे झाले, तेव्हापासून हे काम वाढले असे मालक सांगतात. त्यामुळे न सापडणारे उपग्रह ही त्यांची रोजची कटकट आहे, आणि पहिल्या वाक्यापासून ते जाणवते. मी अंदाजपत्रकाचा कागद पुढे केला तर त्यांनी तो वाचलाही नाही. ‘साहेब, आधी याला आभाळ दिसतंय का ते बघू. डोकं उघडायचं काम मागनं.’ हेड युनिटला ते सरळ ‘डोकं’च म्हणतात.

आभाळ बघण्याची त्यांची रीत सांगतो. बहुतेक अंगभूत यंत्रणांमध्ये तंत्रज्ञांसाठी एक छुपा मेनू असतो. कुठे दोन बटणे एकदम दाबून धरावी लागतात, कुठे पडद्याच्या कोपऱ्यांवर ठरलेल्या क्रमाने बोट ठेवावे लागते. त्या मेनूत उपग्रहांचे पान असते. प्रत्येक उपग्रहाचा क्रमांक, त्याच्यासमोर संदेशाची ताकद दाखवणारी पट्टी आणि खाली दोन आकडे : आत्ता आकाशात किती उपग्रह असायला हवेत आणि त्यांपैकी किती वापरात आहेत. माझ्या गाडीत पहिला आकडा 11 होता आणि दुसरा 0. उघड्या आकाशाखाली निरोगी यंत्रणेत पट्ट्यांची ताकद 40 च्या आसपास दिसते, 30 च्या खाली गेली की जागा डळमळू लागते. इथे दोनच पट्ट्या होत्या, त्याही विशीच्या आतबाहेर लुकलुकत होत्या. पेठेतल्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे आकाश झाकले जाते आणि भिंतींवर आपटून आलेले संदेश गोंधळ वाढवतात, म्हणून एवढ्यावर विसंबून न राहता त्यांनी गाडी रेसकोर्सजवळच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन तेच पान पुन्हा पाहिले. फरक पडला नाही. बॅटरी बराच काळ काढून ठेवली असेल तर यंत्र आकाशाचा नकाशाच विसरलेले असते आणि उपग्रहांचे पूर्ण वेळापत्रक नव्याने उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात. तेवढा वेळही त्यांनी इंजिन चालू ठेवून दिला. हा संयम मला फार आवडला, कारण घाईत घेतलेल्या चाचणीवरून निदान करण्याची खोड या धंद्यात सर्रास आहे.

त्यानंतर बाहेरचे शत्रू बाजूला काढण्याचे काम. समोरच्या काचेवर चिकटवलेला स्वस्त डॅशकॅम, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचलेला दोन तोंडांचा चार्जर, आधीच्या मालकाने बसवलेला रिव्हर्स कॅमेरा, या सगळ्यांची वीज त्यांनी एकेक करून तोडली आणि प्रत्येक वेळी पट्ट्यांकडे पाहिले. स्वस्त डॅशकॅम जीपीएसच्या लहरींमध्ये गोंगाट करतात हे या कारागिरांमध्ये सर्वश्रुत आहे, आणि पुष्कळ गाड्यांचा ‘बिघाड’ एवढ्यावरच मिटतो. माझा मिटला नाही, पण डॅशकॅम बंद केल्यावर त्या दोन पट्ट्या किंचित वर सरकल्या, हे त्यांनी मला बोट ठेवून दाखवले. ज्यांच्या गाडीत अँटेना छपरावर नसून डॅशबोर्डच्या पोटात असते त्यांनी काचेवरच्या धातूमिश्रित फिल्मचाही विचार करावा. ती फिल्म उन्हाबरोबर उपग्रहांनाही अडवते. बॅटरीचा दाब मीटरने मोजला गेला, कारण मरतुकड्या बॅटरीवर गाडी सुरू करताना हेड युनिट अर्धवट बंद पडून पुन्हा सुरू होते आणि चित्रविचित्र लक्षणे दाखवते. सेटिंग्जमध्ये डेमो मोड चालू राहिलेला नाही ना, हेही पाहिले गेले. हे ऐकायला पोरकट वाटते. परंतु सेकंड हँड बाजारात शोरूममधला डेमो मोड चालू असलेल्या गाड्या खरोखरच येतात, आणि त्यांचा बाण गाडी उभी असतानाही सुसाट धावत असतो.

मग निर्णायक चाचणी झाली, जी सेवा केंद्रात कोणीही अर्ध्या तासात करू शकला असता. पडद्याभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी काढून, चार स्क्रू सोडवून त्यांनी हेड युनिट फक्त हातभर पुढे ओढले. पाठीमागे तारांच्या झुबक्यात एक निळ्या रंगाचा चौकोनी कपलर होता. युरोपीय धाटणीच्या गाड्यांमध्ये हा निळा रंग जीपीएससाठी ठरलेला आहे. तो काढून त्यांनी हेड युनिटच्या बाजूच्या सॉकेटवर मीटर टेकवला. पाच व्होल्टच्या जवळपास दाब होता. छपरावरची अँटेना नुसती तार नसते. तिच्यात संदेश वाढवणारे एक छोटे सर्किट असते आणि त्याला वीज हेड युनिटकडूनच, त्याच केबलमधून, जाते. म्हणजे डोके वीज पाठवत होते. आता त्यांनी खणातून चुंबकाची सुटी अँटेना काढली, तिची केबल त्या निळ्या सॉकेटला जोडली, खिडकीतून बाहेर घेऊन अँटेना छपरावर ठेवली, आणि आम्ही उपग्रहांचे पान उघडून बसलो. मिनिटभर काही नाही. मग एक पट्टी हिरवी झाली, पाठोपाठ दुसरी, तिसरी, आणि बघता बघता नऊ उपग्रह वापरात आले. बाण कोथरूडच्या कुठल्याशा कोपऱ्यातून उडून आम्ही उभे होतो तिथे येऊन बसला. 1,40,000 रुपयांचे हेड युनिट पूर्ण निरोगी होते.

मग स्कॅनरला दोष का दिसला नाही? मालकांचे उत्तर असे, की हेड युनिट फक्त अँटेनाकडे जाणारा प्रवाह मोजते. केबल तुटली तर प्रवाह शून्य होतो आणि दोष नोंदला जातो, शॉर्ट झाली तर प्रवाह वाढतो आणि दोष नोंदला जातो. पण आतले सर्किट ओलाव्याने अर्धमेले होऊन नेहमीसारखाच प्रवाह पीत राहिले आणि संदेश मात्र पुढे पाठवेनासे झाले, तर स्कॅनरच्या लेखी सगळे आलबेल असते. मला हे पटले, आणि छपराचे मागचे अस्तर सैल करून शार्क फिन उतरवल्यावर डोळ्यांनीही दिसले. तिच्या बुडाशी असलेले रबर उन्हाने कडक होऊन एका बाजूने तडकले होते. तिथून पावसाचे पाणी आत गेले होते, कपलरची पितळी पिन हिरवी पडली होती आणि सर्किटच्या कडेला मिठासारखा पांढरा थर जमला होता. अस्तराच्या आतल्या बाजूला पाण्याचा पिवळट डागही होता, जो बाहेरून कधी दिसला नसता. पुण्यात जून ते सप्टेंबर पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये छपरावर अंडे तळावे असे ऊन, या दोहोंत ते रबर किती वर्षे तग धरेल याचा अंदाज कोणालाही यावा. कोकणात, खारट हवेत, तर ते आणखी लवकर जात असणार.

नवी अँटेना मूळ कंपनीची मिळाली नाही. त्याच भाग-क्रमांकाशी जुळणारी, दुसऱ्या उत्पादकाची बसवली. तिचे 3,900 आणि मजुरीचे 2,400 असे एकूण 6,300 रुपये झाले. रंग गाडीच्या रंगाशी तंतोतंत जुळत नाही, जवळून पाहिल्यास कळते. केबलची हिरवी पिन नुसती घासून साफ करण्याऐवजी त्यांनी तेवढा तुकडा कापून नवा कपलर बसवला. हे काम चांगल्या हाताचे आहे : जीपीएसच्या केबलमध्ये मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांचा सांधा जरा जरी ढिला राहिला तरी संदेश गळतो, आणि तो दोष पुन्हा स्कॅनरमध्ये दिसत नाही. शेवटी त्यांनी मला मोकळ्या रस्त्यावर थोडी सरळ आणि थोडी वळणावळणाची गाडी चालवायला सांगितले, म्हणजे जायरोस्कोप आणि चाकांचा हिशेब उपग्रहांशी नव्याने जुळेल.

इथे एक प्रश्न मला मित्रांनीही विचारला : सगळे जण फोनवरचा नकाशा वापरत असताना गाडीतल्या जुन्या नॅव्हिगेशनवर खर्च करावाच कशाला? नकाशापुरता तो प्रश्न योग्य आहे. पण फोन केबलने गाडीला जोडून अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे फोनवरचा नकाशा गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय, चालवली, की अनेक गाड्यांमध्ये फोन स्वतःच्या जागेऐवजी गाडीने कळवलेली जागा वापरतो, कारण छपरावरची अँटेना आणि चाकांचे संवेदक सहसा फोनपेक्षा अचूक असतात. गाडीची अँटेना गेली तर ही सोय उलटते. फोन खिशात असताना बाण जागेवर, केबल जोडताच नदीत. पुष्कळ जण फोन बदलतात, केबल बदलतात, ॲप काढून पुन्हा टाकतात, आणि दोष छपरावर असतो. तुमच्या गाडीत केबल काढल्यावर चूक नाहीशी होत असेल तर हाच पहिला संशयित समजावा.

नेमका उलटा गोंधळ जुन्या नकाशामुळे होतो, आणि दुकानात येणाऱ्या निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात असे मालक म्हणतात. बाण बरोबर जागी असतो, त्याखालचा रस्ताच नकाशात नसतो. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी पाडला गेला आणि नव्या रचनेचे उद्घाटन 12 ऑगस्ट 2023 ला झाले; त्याआधीचा नकाशा असलेली गाडी तिथल्या नव्या रॅम्पवर चढली, की यंत्रणा बाणाला जवळच्या माहीत असलेल्या रस्त्यावर खेचून ठेवते आणि मागे वळा, मागे वळा असा धोशा लावते. अटल सेतूवर, ज्याचे उद्घाटन 12 जानेवारी 2024 रोजी झाले, जुना नकाशा गाडी समुद्रावरून चालली आहे असे दाखवतो, आणि ते खरेच असते. समृद्धी महामार्गाचे तेच : नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला, त्यामुळे 701 किलोमीटरपैकी किती रस्ता तुमच्या कार्डावर आहे हे कार्डाच्या सालावर अवलंबून. शोधतानाही हीच अडचण येते. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव किंवा अहिल्यानगर टाइप केले तर जुने कार्ड ‘सापडले नाही’ म्हणते. तिथे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगरच लिहावे लागते. बाण कोऱ्या भागातून पण सुरळीत, वेगाशी जुळवून चालला असेल तर नकाशा जुना आहे. जुन्या, ओळखीच्या रस्त्यावरही बाण भलत्याच जागी दिसत असेल किंवा उड्या मारत असेल तर संदेशात खोट आहे. एवढे पाहून गेलात तर कारागिराचा निम्मा वेळ वाचतो.

नकाशाच्या बाबतीत दुकानाशी माझे मतभेद आहेत. अधिकृत नवा नकाशा महाग असतो, आणि अनेक कंपन्यांचे कार्ड असे बांधलेले असते की त्यातला मजकूर दुसऱ्या कार्डावर उतरवला तरी गाडी तो स्वीकारत नाही. बाजारात यावर तोडगे निघाले आहेत आणि या दुकानातही नव्या नकाशाची नक्कल केलेले कार्ड मला अगदी सहजपणे, भाजीबरोबर कोथिंबीर द्यावी तितक्या सहजपणे, देऊ केले गेले. मी नको म्हटले. कायद्याचा मुद्दा आहेच. शिवाय अशी कार्डे चालवण्यासाठी हेड युनिटच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करावा लागतो, आणि तो अर्धवट फसला तर निरोगी असलेले डोकेच खरोखर बदलण्याची वेळ येते. इतक्या काळजीने निदान करणाऱ्या माणसाने हा धंदा का करावा, हे मला समजले नाही. नकार दिल्यावर त्यांनी आग्रह मात्र केला नाही.

तारखेच्या बिघाडाविषयी मात्र त्यांचे ज्ञान चोख आहे, आणि तो वेगळ्याच जातीचा असल्यामुळे इथे सांगतो. जीपीएसचा मूळ संदेश आठवड्यांची मोजदाद 0 ते 1023 एवढीच करतो. 1024 आठवडे, म्हणजे साधारण 19.6 वर्षे झाली की आकडा पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट 1999 मध्ये झाले, एप्रिल 2019 मध्ये झाले आणि पुढे नोव्हेंबर 2038 मध्ये होईल. यंत्र बनवणाऱ्याने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मोजणीचा आरंभ पुढे सरकवलेला असतो, त्यामुळे एखाद्या यंत्राचा घोळ या तारखांखेरीज भलत्याच दिवशीही उगवतो. जानेवारी 2022 मध्ये होंडा आणि अ‍ॅक्युराच्या अनेक जुन्या गाड्यांची घड्याळे अशीच 2002 सालात गेली होती आणि त्याची जगभर चर्चा झाली. तुमच्या पडद्यावरची तारीख वीसेक वर्षे मागे गेली असेल तर अँटेना बदलून उपयोग नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत होते का ते पाहावे. घड्याळ नेमके साडेपाच तास मागे असेल तर मात्र निश्चिंत राहावे, कारण ती फक्त टाइम झोनची सेटिंग हरवलेली असते. काउंटरवर मी उभा असताना एका गिऱ्हाइकाचे हे काम मालकांनी हातोहात, एक पैसाही न घेता करून दिले.

‘नाविक टाकून द्याल का’ अशी, म्हणजे भारताच्या स्वतःच्या उपग्रह नॅव्हिगेशन यंत्रणेची, विचारणाही तिथे रोज होते. इस्रोच्या उपग्रहांचा अभिमान असणे साहजिक आहे, परंतु जुन्या गाडीतली चिप त्या लहरी ऐकण्यासाठी बनलेलीच नसेल तर अँटेना बदलून ती ऐकू लागत नाही. दुकानदार हे स्पष्ट सांगतो आणि गिऱ्हाईक गमावतो, याची नोंद घ्यायला हवी.

दुरुस्तीनंतर यंत्रणेची परीक्षा मी द्रुतगती मार्गावर आणि ताम्हिणी घाटात घेतली. भाताण आणि माडपच्या बोगद्यांत बाण न थांबता गाडीबरोबर चालत राहिला आणि बाहेर पडल्यावर त्याला जागा सुधारण्यासाठी उडी मारावी लागली नाही. चाकांचा हिशेब उपग्रहांशी जुळल्याची ही खूण आहे. ताम्हिणीत फोनचे नेटवर्क पुष्कळ ठिकाणी जाते, आणि आधी उतरवून न ठेवलेला फोनवरचा नकाशा तिथे करड्या चौकटी दाखवत बसतो. कार्डावरचा नकाशा कितीही जुना असला तरी घाटाची वळणे तीच आहेत, त्यामुळे दाट धुक्यात पुढचे वळण किती वळसा घेते ते पडद्यावर आधी दिसण्याचा खरा उपयोग झाला. घड्याळही मिनिटाला मिनिट जुळले. मुसळधार पावसात मुद्दाम छपराचे अस्तर हाताने चाचपून पाहिले, कोरडे आहे.

आता तक्रारी. अस्तर पुन्हा बसवताना मागची एक क्लिप नीट बसलेली नाही आणि खडबडीत रस्त्यावर ती बारीक खडखडते. सांगितल्यावर त्यांनी ‘या कधीही, बसवून देतो’ म्हटले, पण त्यासाठी पुन्हा नाना पेठेत गाडी घेऊन जायचे म्हणजे अर्धा दिवस पार्किंग शोधण्यात जातो. फिकट रंगाच्या अस्तरावर बोटांचे काळे ठसे उमटले होते, ते मला घरी पुसावे लागले. जीएसटीचे बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितल्यावर ते लिहिताना जो चेहरा होतो त्यावरून ते क्वचितच मागितले जात असावे. तीन महिन्यांची हमी तोंडी आहे; मी ती बिलाच्या मागे लिहून घेतली. जुना भाग मात्र न मागता पिशवीत घालून परत दिला, जे सेवा केंद्रांमध्येही नेहमी होत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर इथे जाऊ नये. हेड युनिट बाहेर ओढल्याची खूण राहते आणि पुढे कंपनी दावा नाकारू शकते. सिमकार्ड असलेल्या, सतत इंटरनेटशी जोडलेल्या नव्या गाड्यांमध्ये जागेची माहिती पुष्कळदा वेगळ्या डब्यातून येते आणि त्या डब्याचे काम हे दुकान घेत नाही, तसे ते आधीच सांगते. सात-आठ वर्षांपूर्वीच्या, छपरावर शार्क फिन आणि डॅशबोर्डमध्ये कार्ड अशा गाड्यांसाठी मात्र पुण्यात मला याहून बरी जागा माहीत नाही. पाचपैकी चार तारे. खडखडणारी क्लिप आणि नकलेची कार्डे नसती तर पाच दिले असते.

जाताना गाडीच्या मॅन्युअलबरोबर आलेले रेडिओ कोडचे कार्ड घेऊन जा. बॅटरीची तार काढल्यावर काही हेड युनिट तो कोड मागतात, आणि तो हाताशी नसेल तर हे लोक तारेला हात लावत नाहीत.